होल्डर कोण हातात देतोय ते बघून काम धरा : बेळगावात वेल्डिंगला नवीन येणाऱ्या पोरांसाठी

मी मूळचा चंदगड तालुक्यातला. २००६ च्या जूनमध्ये एक पत्र्याची ट्रंक आणि आयटीआयचं वेल्डरचं सर्टिफिकेट घेऊन बेळगावात उतरलो तो इथलाच झालो, आता मच्छेच्या बाजूला स्वतःचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, चार पोरं हाताखाली आहेत. दरवर्षी उन्हाळा संपत आला की गावाकडनं फोन सुरू होतात, मामा पोराला पाठवतोय, काका कुठं तरी चिकटवा की, आणि आता तर आजरा, गडहिंग्लज, दोडामार्ग, खानापूरच्या वरच्या गावांतनं पण पोरं येतात. सगळ्यांना तेच सांगत बसतो म्हणून एकदा लिहूनच काढतोय.

सगळ्यात आधी पोरं विचारतात पगार किती. मी म्हणतो ते दुसरं विचारा, पहिलं हे विचारा की होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, हातात कधी देणार. कारण इथं घोळ असा होतो की उद्यमबागमध्ये, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, काम मिळायला त्रास नाही, फाउंड्री (लोखंड ओतायचे कारखाने) आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिकवाले आहेत, ट्रॉली-टाकी-शेड करणारे आहेत, आणि "वेल्डिंगला घेतो" म्हणून घेतात आणि उभं करतात फेटलिंगला. फेटलिंग म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगचे कंगोरे ग्राइंडरनं घासायचे, दिवसभर तेच. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही, कुणाचं तरी घर त्यावर चालतं, पण तुम्ही वेल्डर व्हायला आलाय आणि दोन वर्षं घासण्यात गेली तर सर्टिफिकेट कपाटात आणि हात कोराच.

माझं स्वतःचं हेच झालं. पहिल्या ठिकाणी रोज ८० रुपये होते आणि आठ महिने मी फक्त ग्राइंडर धरला. विचारलं की "पुढच्या महिन्यात बघू". शेवटी ते सोडून १० रुपये कमी घेऊन एका मिस्त्रीच्या शेडात गेलो, घरचे चिडले, बाप आठवडाभर बोलला नाही. पण मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दिवसा हेल्परकी करायची, संध्याकाळी सहानंतर स्क्रॅपवर रॉड चालवायचा, रॉड तो देणार.

तो कसा शिकवायचा ते सांगतो, कारण असा माणूस मिळाला तर ओळखता आला पाहिजे. जाड प्लेटच्या तुकड्यावर खडूनं बोटभर अंतरावर रेघा मारायचा आणि म्हणायचा चालव. ६०१३ नंबरचा, ३.१५ मिमी जाडीचा रॉड, करंट ११० अँपिअरच्या आसपास. मी काच लावून डोळे फाडून बघायचो आणि रॉड चिकटायचा नाहीतर लांब जायचा. तो मागं उभा राहून म्हणायचा, "काय गा, बघूलालास कशाला, आईक की." रॉड जेवढा जाड तेवढंच अंतर ठेवलं की आवाज सलग येतो, पत्र्यावर पावसाची सर लागल्यासारखा, आणि अंतर वाढलं की आवाज फाटतो, ठिणग्या उडतात. आठ-दहा दिवसांनी कानाला कळायला लागलं आणि मग हात आपोआप खाली बसला.

मग एके दिवशी दोन तुकडे टी करून एका बाजूनं मला जॉइंट मारायला लावला. स्लॅग (वेल्डिंगवर बसणारं काळं कवच) काढली, खाली छान खवले खवले दिसत होते, मला वाटलं जमलं. त्यानं तो तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि घणाचे तीन घाव घातले, उलटा मोडला. आत कोपऱ्यात काळी स्लॅगची रेघ लांबच लांब, मुळाला धातू लागलाच नव्हता, नुसता वरनं माल बसला होता. काही बोलला नाही, तो मोडलेला तुकडा माझ्या हातात दिला फक्त. अजून माझ्या शेडात खिळ्याला टांगलाय तो. तुम्ही पण आपला जॉइंट आपणच मोडून बघा, आठवड्यातनं एकदा तरी. मोडल्याशिवाय आपलं आपल्याला कळत नाही.

म्हणून काम बघायला जाल तेव्हा नुसतं गेटवर बोलून येऊ नका, आत कोपऱ्यात मोडलेले सरावाचे तुकडे पडलेत का ते बघा, हेल्परला विचारा किती दिवस झाले आणि होल्डर मिळतो का. मोठ्या कंपनीत सीओटू वेल्डिंगला (रॉडऐवजी तार आणि गॅसवर चालणारं) फिक्श्चरवर, म्हणजे जॉब पकडायच्या साच्यावर लावतात, पगार वेळेवर, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) सगळं, पण एकच ब्रॅकेट एकच जॉइंट तीन-तीन वर्षं. छोट्या शेडात पगार पुढंमागं होतो पण गेट, जिना, ट्रॉली, टाकी सगळं अंगावर येतं. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं छोट्या शेडात काढा, रॉड आणि गॅस कटिंग दोन्ही हाताला येऊ द्या, मग कंपनीत जा. फिटरचं काम पण शिकून घ्या, गुण्या लावून काटकोन बघणं, ड्रॉइंग वाचणं, माप काढणं. नुसता वेल्डर लोक बदलतात, ड्रॉइंग वाचून जॉब उभा करणारा माणूस सहसा कुणी सोडत नाही.

आता भाषा. इथं मराठीवर निभतं, दुकानात, खानावळीत, निम्म्या शेडात मराठीच चालते, म्हणून पोरं कन्नड शिकत नाहीत आणि मी पण नव्हतो शिकलो. पहिल्याच वर्षी टेम्पोतनं १०० मिमीचं चॅनल (लोखंडाचा पन्हळीसारखा बार) उतरवत होतो, ६ मीटरचं, म्हणजे ५५ किलोच्या वर वजन. समोरचा गोकाककडचा पोरगा, तो ओरडला "हिडी, हिडी". मला वाटलं सोड म्हणतोय, मी माझं टोक सोडलं. हिडी म्हणजे धर. चॅनल त्याच्या पायावर आलं, दोन बोटं ठेचली, तीन आठवडे तो कामाला नव्हता आणि रोजंदारीवरचा माणूस, म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. त्याच्या घरी गेलो होतो मी, त्याच्या आईनं मलाच चहा दिला. त्या रात्रीपासनं वहीत शब्द लिहायला लागलो.

तेवढे तरी पाठ करूनच या. हिडी म्हणजे धर, बिडु म्हणजे सोड, एत्तु म्हणजे उचल, इळिसु म्हणजे खाली घे, निल्लिसु म्हणजे थांबव, मेले म्हणजे वर, केळगे म्हणजे खाली, बेंकी म्हणजे आग. लोखंड उचलताना हे शब्द चुकले की माणूस जायबंदी होतो. बाकीचं बोलणं सहा महिन्यांत येतं, लोक हौसेनं शिकवतात. आणि सीमाप्रश्नाचा वाद शेडात काढू नका, ज्याच्याशी वाद घालाल तोच उद्या शिडीखाली उभा असणार आहे. वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसटी कधीकधी बंद होतात, १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास गावाला ये-जा ठेवू नका.

खोली मजगाव, अनगोळ, पिरनवाडी, मच्छे या बाजूला बघा, तिघं-चौघं मिळून घ्या, चालत कामावर जाता आलं पाहिजे. लांबची स्वस्त खोली बसच्या पैशात आणि संध्याकाळच्या सरावात महाग पडते. शिनोळी-तुडयेकडची पोरं घरनं ये-जा करतात, चालतं, पण मग सहानंतर थांबायचं मालकाशी आणि घरी दोन्हीकडं आधीच ठरवून घ्या.

तब्येतीचं जरा नीट वाचा. डोळे येणं म्हणजे काय ते बहुतेकांना पहिल्या महिन्यात कळतं. दुसऱ्यानं मारलेल्या आर्ककडं नुसतं उघड्या डोळ्यानं बघितलं, तेव्हा काही होत नाही, घरी येऊन जेवून झोपता आणि रात्री एक-दोनला डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. बटाट्याचे काप ठेवतात, गार वाटतं तेवढंच. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं, पण मेडिकलमधनं बधिर करायचे नाहीतर स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनानं आणून घालू नका, त्यानं डोळा बिघडू शकतो, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. काच १० किंवा ११ नंबरची वापरा, आणि हातात धरायच्या स्क्रीनपेक्षा डोक्याचं हेल्मेट घ्या, दुसरा हात मोकळा राहतो. पहिल्या पगारातनं मोबाईल नको, हेल्मेट आणि चामड्याचे हातमोजे घ्या.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. दिवसभर घेतला की संध्याकाळी हिवताप आल्यासारखी थंडी भरते, अंग मोडतं, दुसऱ्या दिवशी उतरतं म्हणून लोक मनावर घेत नाहीत. दूध प्यायलं, गूळ खाल्ला की काही होत नाही असं सांगणारे भेटतील, ते खरं नाही. जॉइंटच्या जागेचं जस्त आधी घासून काढा आणि वारा येतो त्या बाजूला उभं राहा, म्हणजे धूर तोंडावर येत नाही.

आणि पाऊस. आपल्याकडचा पाऊस मी तुम्हाला सांगायला नको. मशीन चालू असताना होल्डरला ६० ते ८० व्होल्ट असतात, कोरड्या अंगाला जाणवत नाहीत, पण घामानं भिजलेला शर्ट, ओली चप्पल आणि ओल्या लोखंडावर बसलेला माणूस, एवढ्यानं जीव जातो. फळी टाकून बसा, बूट घाला, केबलला जोड उघडे ठेवू नका. पावसात रॉड पण दमट होतात, ७०१८ नंबरचा रॉड तर ओव्हनमध्ये भाजल्याशिवाय वापरायचाच नाही, नाहीतर जॉइंट आतनं तडकतो. जुन्या बॅरलला, डिझेलच्या टाकीला "रिकामीच आहे" म्हणून कुणी रॉड लावायला सांगितला तर सरळ नाही म्हणा, आतली वाफ पेट घेते आणि बॅरल बॉम्बसारखं फुटतं. मालक रागावला तर रागावू द्या. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, हे पहिल्या दिवसापासनं.

कागदाचं थोडक्यात. पीएफचा यूएएन नंबर एकच असतो, काम बदललं तरी तोच द्या, नवीन काढू नका. पगारातनं १२ टक्के पीएफ कापतात तर तो भरला जातोय का ते मोबाईलवर बघता येतं, बघत जा. २१,००० पर्यंत पगार असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये असेल तर कार्ड मागून घ्या, ते अपघाताच्या दिवशी उपयोगाचं असतं, तेव्हा मागत बसायची वेळ येऊ देऊ नका. ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट दर आहे, बऱ्याच ठिकाणी देत नाहीत, निदान तास तरी वहीत लिहून ठेवा. आणि उचल घेऊ नका. गणपतीला, बहिणीच्या लग्नाला उचल घेतली की चांगलं काम समोर आलं तरी सोडता येत नाही, अशी अडकलेली किती तरी पोरं माझ्या डोळ्यासमोर आहेत.

दोन-तीन वर्षांनी हात बसला की पुढचं बघा. संकेश्वर, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग हा सगळा साखर कारखान्यांचा पट्टा. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं, मार्च-एप्रिलपर्यंत संपतं, आणि मग पुढच्या सीझनपर्यंत दुरुस्ती, बॉयलर ट्यूब, पाइपलाइन, मिलच्या रोलरला हार्डफेसिंग (झिजू नये म्हणून वेल्डिंगनं कडक थर चढवणं). सीझनमध्ये चालत्या रोलरवर आर्किंग (ऊस धरावा म्हणून वेल्डिंगचे खरखरीत ठिपके मारणं) करायला पण माणूस लागतो, ते अवघड काम आहे, नवख्यानं हात घालू नये. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रस आटवायच्या बंद टाकीच्या बॉडीत उतरायचं असेल तर बाहेर माणूस उभा पाहिजे, आत वारा खेळता पाहिजे, दिवा २४ व्होल्टचा पाहिजे. बॉयलरच्या प्रेशर पार्टला (वाफेचा दाब सोसणाऱ्या भागाला) आयबीआरचं, म्हणजे सरकारी बॉयलर नियमांचं सर्टिफिकेट असलेलाच वेल्डर लागतो आणि दर तिथं वेगळाच मिळतो. त्यासाठी ६जी मारता आलं पाहिजे, म्हणजे पाइप ४५ अंशात तिरका बांधलेला, हलवायचा नाही, आपणच भोवती फिरायचं, खालनं डोक्यावर मारत वर यायचं. रूट, म्हणजे मुळाचा पहिला थर, टिगनं (टंगस्टनच्या सुईनं गॅसमध्ये करायचं वेल्डिंग), वर ७०१८. मला ते जमायला दीड वर्ष लागलं, रविवार सगळे त्यात गेले, आणि ते रविवार मला अजून आठवतात, इतकं बरं वाटायचं.

गल्फचं विचारणारे बरेच असतात. जा, पण ६जी हातात घेऊन जा, नाहीतर तिथं पण ग्राइंडरच मिळतो. एजंट सरकारकडं रजिस्टर आहे का ते ई-मायग्रेटच्या साइटवर बघा, त्याची सर्व्हिस फी ३०,००० आणि वर जीएसटी एवढीच घेता येते, लाख-दीड लाख मागणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. दहावी पास असाल तर पासपोर्ट काढतानाच मार्कलिस्ट जोडा.

यायचं ठरलं तर आधी फोन करा आणि रविवारी सकाळी या, जुने बूट आणि सुती फुल शर्ट घालून, नायलॉनचा नको, ठिणगीनं अंगाला चिकटतो. शेडात स्क्रॅपचा ढीग आहे, रॉड मी देतो. दुपारपर्यंत चालवा, मोडून बघू, मग कुणाकडं लावायचं ते ठरवू.