एचटी मोटरची केबल: आधी फॉल्ट विचारा, मग करंट

डिझाइन ऑफिसात नवीन आलेल्यांना मी सुरुवातीलाच एक गणित देतो. पंपाची एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च दाबाची) मोटर, ५०० किलोवॅट, ६.६ केव्ही, पॉवर फॅक्टर ०.८६, एफिशियन्सी ०.९५. केबल किती स्क्वेअरची, म्हणजे किती चौरस मिलिमीटरची, घ्याल? कोणी कॉलेजातून थेट आलेला असो की एलटी (कमी दाबाच्या) पॅनलवर दोन-तीन वर्षं घासलेला, वाट ठरलेली असते. फुल लोड करंट काढायचा, तो येतो साधारण ५३.५ अँपिअर. मग केबलचा कॅटलॉग उघडायचा, डीरेटिंग (परिस्थितीनुसार क्षमतेत कपात) लावायचं आणि ३५ स्क्वेअरची ॲल्युमिनियम एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचं इन्सुलेशन असलेली) सांगून मोकळं व्हायचं. गणितात काहीच चूक नसते. पण ब्रेकरच्या फीडरवर (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटवर) तीच केबल टाकली, तर पहिल्या मोठ्या शॉर्टसर्किटला ती कामातून जाईल.

एलटीमध्ये करंट आणि व्होल्टेज ड्रॉप हेच बहुतेक वेळा केबल ठरवतात. एचटीत भार वाहण्याचं काम किरकोळ असतं. तिथे प्रश्न असतो तो फॉल्टच्या, म्हणजे शॉर्टसर्किटच्या, काही क्षणांत कंडक्टर किती तापेल याचा. एक्सएलपीईला कायम ९० अंश चालतात आणि शॉर्टसर्किटमध्ये थोड्या वेळापुरते २५०. या दोन्हींमधल्या उष्णतेचा हिशोब एका स्थिरांकात बसतो: ॲल्युमिनियमला ९४, तांब्याला १४३. फॉल्ट करंटला सेकंदांच्या वर्गमुळाने गुणायचं आणि या स्थिरांकाने भागायचं, की किमान क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मिळतं. बोर्ड २५ केएचा (किलोअँपिअरचा) आहे आणि रिले (फॉल्ट ओळखणारं उपकरण) व ब्रेकर मिळून, थोडी मोकळीक धरून, ०.२ सेकंदात फॉल्ट तोडतात असं समजा. उत्तर येतं ११९. म्हणजे १२० काठावर बसते, आणि मी १५० घेईन. बोर्ड ४० केएचा असेल तर १९० येतात, म्हणजे थेट २४० स्क्वेअर. मोटर तीच, करंट तेच ५३.५ अँपिअर!

आता त्याच मोटरला ब्रेकरऐवजी फ्यूज आणि व्हॅक्यूम कॉन्टॅक्टर लावा. करंट-लिमिटिंग एचआरसी फ्यूज मोठा फॉल्ट अर्ध्या सायकलच्या आत, म्हणजे १० मिलिसेकंदांत, संपवतो आणि करंटला शिखर गाठूच देत नाही. तो जेवढी उष्णता पुढे जाऊ देतो, त्याच्या कित्येक पट ३५ स्क्वेअरची केबल सहज सोसते. म्हणून केबल शेड्यूल भरायला घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: या फीडरवरचा फॉल्ट कोण तोडणार आणि किती वेळात? केबलवाला एका टेबलावर आणि रिले सेटिंगवाला दुसऱ्या, अशी वाटणी ज्या ऑफिसांत आहे तिथे हा प्रश्न कोणीच विचारत नाही. माझ्या मते ही वाटणीच मुळात चुकीची आहे.

फ्यूज-कॉन्टॅक्टरची एक मेख नवख्यांना ठाऊक नसते. कॉन्टॅक्टर मोटर हजारो वेळा चालू-बंद करायला बनवलेला असतो. तो काही केएपर्यंतच तोडू शकतो, नेमका आकडा उत्पादकाच्या कागदावर असतो. रिलेतला ५० नंबर, म्हणजे इन्स्टंटेनियस (मोठ्या करंटला क्षणात ट्रिप देणारं फंक्शन), ब्रेकरच्या सवयीने चालू ठेवला, तर २० केएच्या फॉल्टला रिले कॉन्टॅक्टरलाच उघडायला सांगेल. अशा फीडरवर ५० बंद तरी ठेवायचा किंवा फ्यूज आधी उडेल इतका उशीर तरी द्यायचा. फ्यूजही साधा नाही, मोटर ड्यूटीचाच हवा, कारण रोजच्या स्टार्टिंगने त्याचं एलिमेंट दमतं. एक फ्यूज उडाला की त्याचा स्ट्रायकर पिन कॉन्टॅक्टर पाडतो, नाहीतर मोटर दोन फेजवर चालत राहील.

ब्रेकर असेल तर ५० ठेवायचा, पण स्टार्टिंगच्या वर. डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेजवर) स्टार्टला सहापट धरली तरी आपली मोटर ३२० अँपिअर घेते. पहिल्या काही सायकलींत त्यात डीसीचा भाग मिसळतो, म्हणून साधारण १.६ ते १.८ पट वर जावं लागतं.

खरी कसरत थर्मल कर्व्हची, म्हणजे मोटर किती करंट किती वेळ सोसेल या रेषेची. पंप काही सेकंदांत वेग घेतो, पण औष्णिक केंद्रातला आयडी फॅन (बॉयलरचा धूर ओढणारा पंखा) १५-२० सेकंद रेंगाळतो. डेटाशीटवर गरम मोटरचा सेफ स्टॉल टाइम (अडकून राहिली तर सोसायचा वेळ) १२ सेकंद असेल आणि स्टार्ट व्हायलाच १६ लागत असतील, तर नुसत्या वेळेवरून रिलेला अडकलेली मोटर आणि उचलणारी मोटर यांतला फरक कळणार नाही. मग शाफ्टवर स्पीड स्विच लावावा लागतो, आणि तो ऑर्डर देतानाच मागावा लागतो. त्यात बसचं व्होल्टेज स्टार्टिंगला ८० टक्क्यांवर आलं, तर टॉर्क ६४ टक्केच उरतो आणि स्टार्ट आणखी लांबतो. टेंभू-म्हैसाळसारख्या उपसा योजनांत मोठे पंप एकापाठोपाठ सुरू करायचे असतात, तिथे हे गणित टाळून चालत नाही.

केबलचा ग्रेड विसरू नका. ६.६ केव्हीचा न्यूट्रल रेझिस्टरमधून अर्थ केला असेल, तर एका फेजला अर्थ फॉल्ट झाल्यावर उरलेल्या दोन फेजवर जमिनीच्या मानाने जवळपास पूर्ण ६.६ केव्ही चढतो. अशा ठिकाणी ६.६/६.६ म्हणजे अनअर्थ्ड ग्रेडच हवा, ३.८/६.६ नव्हे. आयएस ७०९८ चा दुसरा भाग यासाठी हाताशी ठेवा.

रेझिस्टरमुळे अर्थ फॉल्ट काहीशे अँपिअरवर थांबतो आणि मोटरचा लोखंडी कोअर वाचतो. पण मग तो पकडायला केबलचे तिन्ही कोअर पोटात घेणारी सीबीसीटी (कोअर बॅलन्स करंट ट्रान्सफॉर्मर) लागते, आणि साइटवर सगळ्यात जास्त घोळ मी हिच्यापाशी पाहिलेत. केबलची कॉपर स्क्रीन सीबीसीटीतून वर गेली असेल, तर तिची अर्थची वेणी परत सीबीसीटीतूनच खाली आणून मग अर्थ करायची. नाहीतर स्क्रीनमधून परतणारा करंट मोजमापात घुसतो, आणि रिले एकतर उगाच पडतो किंवा पडायला हवा तेव्हा पडत नाही. ड्रॉइंगवर ही वेणी बहुधा काढलेलीच नसते, म्हणून मी ती टिपेत लिहितो.

शिकायचं कुठे? ईटॅप सॉफ्टवेअरवर कर्व्ह काढण्याआधी एका फीडरचं सगळं हाताने, लॉग पेपरवर काढा: मोटरचा स्टार्टिंग कर्व्ह, गरम-थंड थर्मल मर्यादा, रिले, फ्यूज आणि केबलची सहनरेषा एकाच कागदावर. कोणती रेषा कोणाला छेदते हे बोटाने दाखवता आलं पाहिजे. मुलाखतीत मी तेवढंच विचारतो. आणि शटडाउनला जायची संधी मिळाली, तर रिले टेस्टिंगवाल्यांच्या मागे उभे राहा. नुसतं सेकंडरी इंजेक्शन (रिलेलाच थेट करंट देऊन केलेली चाचणी) पाहून परत येऊ नका. सीबीसीटीतून वायरचा एक फेरा टाकून प्रायमरी इंजेक्शन करायला सांगा. कुरकुर करतील, पण करतात.