गुटगुटीत बोटुकली पाहून फसू नका

प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना मी प्रकल्पासाठी रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, निवडली, तेव्हा वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीने विचारलं होतं, "माशांना काय धाड भरते गं, शिकण्यासारखी?" या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागेल, म्हणून सविस्तर लिहिते.

एका मत्स्यबीजकेंद्रातून आणलेली पिल्लं एकसारखी, गुटगुटीत होती. मही नदीतून जाळ्यात आलेली किडकिडीत, कल्ल्यांवर परजीवी. लांबी-वजनाचं गणित मांडलं तर त्यातही केंद्राचीच सरस. मी वहीत लिहून मोकळी झाले: केंद्रातली निरोगी, नदीतली आजारी. मार्गदर्शक बाईंनी वही वाचली आणि एवढंच विचारलं, "नदीतली खरी आजारी पिल्लं तुझ्या जाळ्यात येतील का?"

नाहीच येणार. नदीत मंदावलेलं पिल्लू बगळ्याच्या नाहीतर मोठ्या माशाच्या तोंडी जातं. आपल्या हाती लागतात ती तगलेली. हौदात शिकारी नसतो, खाणं आयतं मिळतं, म्हणून दुबळंही जगतं. पण गर्दीमुळे एकाचा रोग सगळ्यांना लागतो. हा फरक समजायला मला अख्खं सत्र लागलं.

याचा सर्वांत कसून अभ्यास सॅमन आणि त्याच्या भाऊबंदांवर झालाय. तो आधी वाचा. हौदातल्या सॅमनच्या पिल्लांचे पाठीवरचे पर झिजलेले असतात, कारण गर्दीतली चावाचावी आणि सिमेंटशी घासणं. अंगात चरबीही जास्त. नदीतल्या पिल्लांच्या पोटात कृमी अधिक सापडतात, कारण ती जे किडे-कवचधारी खातात त्यांतूनच कृमी आत शिरतात. थोडे कृमी म्हणजे आजार नव्हे. मूत्रपिंडाचा जिवाणूजन्य रोग तर मादीकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतो, म्हणून अंडी घेताना माद्या तपासाव्या लागतात. आणि अमेरिकेतल्या हूड नदीच्या स्टीलहेड ट्राउटवरचं २००७ सालचं संशोधन मला अजून अस्वस्थ करतं: बंदिस्त वाढवलेल्या दर पिढीमागे निसर्गात प्रजननाची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. वरून धडधाकट दिसणाऱ्या माशात हे कुठे दिसणार?

आपल्याकडे १९५७ साली हिरालाल चौधरींनी पियुषिका (मेंदूतळाच्या पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहूच्या कुळातल्या, माशांचं प्रजनन साधलं, त्यावरच आजचा मत्स्यबीजाचा धंदा उभा आहे. बीजकेंद्रांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तीच ती जनक जोडी पिढ्यानपिढ्या वापरू नये, एवढा आग्रह मात्र धरायलाच हवा.

आता कामाचं. नदीत जाळं टाकण्याआधी मत्स्यविभागाची परवानगी घ्या. तुलना करायची तर पिल्लं एकाच लांबीची हवीत, नाहीतर आकडे कुचकामी. मेलेला मासा आणू नका; उन्हाळ्यात तासाभरात मूत्रपिंड गळायला लागतं आणि परजीवीही सोडून जातात. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत आणा, कल्ल्याचा तुकडा लगेच सूक्ष्मदर्शकाखाली घ्या, उरलेलं १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. पर मोजायचे ते फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधी. नंतर कडा आखडतात आणि झीज कुठली, आकसणं कुठलं, ते कळत नाही.