पाय मोठा किंवा पसरट असेल तर स्नोबोर्डचा बूट कसा निवडायचा

गुलमर्गला किंवा औलीला स्नोबोर्डिंगला जायचं ठरलं की ज्यांचा पाय 11 नंबरचा किंवा त्याच्याही पुढचा आहे, किंवा चवड्याला पसरट आहे, त्यांना तिथे भाड्याच्या बुटांत आपल्या मापाचा जोड मिळेलच याची गॅरंटी नसते, त्यामुळे वारंवार जाणार असाल तर स्वतःचाच घेतलेला बरा. फक्त एक लक्षात ठेवा, लांब पाय आणि रुंद पाय ही दोन वेगळी दुखणी आहेत. लांबीसाठी कॉम्पॅक्ट, म्हणजे बाहेरून आखूड केलेला सोल, रुंदीसाठी वाइड मॉडेल. बरेच जण दोन्हीवर एकच औषध घेतात, सरळ एक नंबर मोठा, मग टाच आत उचलली जाते, बोर्डवर कंट्रोल राहत नाही आणि बूट बाहेरून आणखी लांब होतो ते वेगळंच.

पहिलं काम, माप. तेही संध्याकाळी, कारण ठाणे लोकलला लटकून घरी आलेला पाय सकाळपेक्षा जरा सुजलेलाच असतो आणि दिवसभर बूट घातल्यावर बर्फातही तेच होणार. लादीवर भिंतीला लागून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन त्याच पायावर टाका आणि पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटासमोर खूण करा, कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त लांब असतं तेव्हा अंगठाच धरून बसू नका. मग चवड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा. पेन्सिल तिरकी झाली की माप चुकलंच, म्हणून घरातल्या कुणाला तरी खाली बसवा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

सेंटीमीटरमध्ये आलेली लांबी हाच तुमचा मोंडो साइज, म्हणजे स्नोबोर्ड बुटांचं सेंटीमीटरमधलं माप. 30 सेंमी म्हणजे मोंडो 30, साधारण अमेरिकन 12 आणि यूके 11. आपल्याकडचे नंबर बहुतेक यूकेचे आणि ऑनलाइन बूट बऱ्याचदा अमेरिकन नंबरात, इथेच लोक फसतात. रोजच्या स्नीकरचा नंबर आणि मोंडो जुळत नसेल तर मोंडोचं ऐका.

रुंदीचं म्हणाल तर आपले पाय मुळातच पसरट. चेन्नईच्या सीएसआयआर-सीएलआरआय या चामडे संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरात लाखभर लोकांचे पाय मोजले, त्यात भारतीय पाय युरोपियन-अमेरिकन पायांपेक्षा साधारणपणे रुंद निघाला. पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नॉर्मल रुंदी, ई आणि डबल ई म्हणजे वाइड. बर्टन रूलर वाइड, के2 मेसिस वाइड, सॅलोमन डायलॉग वाइड अशी मॉडेल्स आहेत, पण नावात वाइड आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. बुटातला इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळीकडचा भाग इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तुम्हाला चावणार, दुकानदार काहीही म्हणो.

आता कॉम्पॅक्टचं. आत जागा तेवढीच ठेवून बाहेरचा सोल आखूड केलेला असतो, बर्टन तर पूर्ण एक नंबर कमी केल्याचं सांगतं, म्हणजे ढोबळमानाने सेंटीमीटरभर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बोर्ड कडेवर घेतला की बाहेर आलेला बूट बर्फाला घासतो आणि तुम्ही थेट तोंडावर. बोर्डच्या कडेबाहेर प्रत्येक बाजूला बूट दोनेक सेंमीपर्यंत ठीक. त्याहून जास्त जात असेल तर कॉम्पॅक्ट बुटानेही भागणार नाही, कमरेला, म्हणजे मधल्या सगळ्यात अरुंद भागात, 26 सेंमी किंवा त्याहून रुंद बोर्डच बघावा लागेल. दोन कंपन्यांचे एकाच नंबरचे बूट असतील तर सोलला सोल लावून बघा, फरक लगेच दिसतो.

ट्रायलला घाई नको. एकच पातळ मोजा घाला, दोन मोज्यांनी बूट बसतो असं होत नाही. टाच आपटून मागे बसवा, मग लेस किंवा बोआची, म्हणजे लेसऐवजी बारीक तार आवळणारी, चकती आवळा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर थोडी मागे सरकली पाहिजेत. पंजावर उभं राहिल्यावर टाच उचलली जात असेल तर तो जोड बाद. त्यानंतर एसी लावून अर्धा तास घरातच हिंडा, घामाने हैराण व्हाल पण इलाज नाही. मुंग्या आल्या किंवा करंगळी दुखली तर अरुंद आहे. लाइनर, म्हणजे बुटातला आतला मऊ बूट, गरम करून पायाच्या आकारात बसवता येतो आणि वापरून तो थोडा सैल होतोच, पण त्याने लहानसहान टोचणं जातं, अरुंद बूट रुंद होत नाही. ऑनलाइन घेत असाल तर परत घ्यायची अट आधीच वाचा आणि बूट घरातल्या स्वच्छ लादीवरच घाला.

बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला जखडणारी पकड, शेवटी. सोल आखूड म्हणून कधी कधी एक साइज लहान बाइंडिंगही चालतं, पण वाइड बूट त्यात नीट बसतो का ते प्रत्यक्ष लावूनच कळतं. बर्टनचं स्टेप ऑन, म्हणजे पट्ट्यांशिवाय नुसता पाय दाबून बसणारं बाइंडिंग असेल तर त्याला स्टेप ऑनचेच बूट लागतात.

घरी आणल्यावर लाइनर बाहेर काढून नीट वाळवा, आत वर्तमानपत्र कोंबा आणि बूट माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका, ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते आणि दमटपणाने काही सोलचा फोम भुसभुशीत होतो. जूनआधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा बाहेर काढून हवा द्या.