टॉर्पेडोचा स्टॉक कसा मोजावा

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्यामुळे अंतराळातली लढाई बघताना बाकीच्यांना स्फोट दिसतात, मला इश्यू स्लिपा, म्हणजे माल दिल्याच्या चिठ्ठ्या, दिसतात. साय-फाय मालिकांमधल्या लढायांच्या चुका पकडायला फिजिक्स यावं लागत नाही. वही, पेन आणि रिमोटवरचं पॉजचं बटण एवढं पुरतं.

आधी ओपनिंग स्टॉक शोधा, म्हणजे मालिकेने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला आकडा. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ घ्या. १९९५ साली, पहिल्याच सीझनमधल्या ‘द क्लाउड’ या भागात सांगितलं जातं की जहाजावर ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि संपले की नवे मिळायची सोय नाही. घर सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब, वाटेत डेपो नाही. झालं बिन कार्ड, म्हणजे त्या मालाच्या शिलकीचं कार्ड, तयार: शिल्लक ३८. आता टॉर्पेडो सुटला की वहीत एक रेघ. नुसतं ‘फायर’ ऐकून रेघ मारू नका, नळीतून बाहेर पडताना दिसला तरच मारा. मालिका २००१ पर्यंत सात सीझन चालली आणि माझी शिल्लक त्याच्या बरीच आधी उणे झाली.

आमच्याकडे बिन कार्ड उणे गेलं की साहेब पहिलं विचारतात, “आवक नोंदवायची राहिली का?” तुम्हीही बोंब मारण्याआधी तेच विचारा. व्हॉयेजरच्या लोकांनी पुढे, १९९८ च्या एका भागात, डेल्टा फ्लायर नावाचं छोटं यान जहाजावरच बांधलं. आख्खं यान बांधणारे चार टॉर्पेडो बनवणार नाहीत का? बनवतील की. पण ही जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, मी माझ्या अक्षरात भरतोय, ती त्यांनी भरायला हवी होती. एखाद्या लढाईआधी एक वाक्य पुरलं असतं. मी याला भोक, म्हणजे कथेतली फट, म्हणतो, कारण ‘आता किती उरले’ ही धाकधूक त्यांनीच आपल्याला लावली होती.

हिशेब जुळतो तेव्हा तोही लिहा, नाहीतर वहीत नुसती चिडचिड साचते. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या नव्या मालिकेचा ‘३३’ हा भाग बघा. दर ३३ मिनिटांनी सायलॉन, म्हणजे शत्रू यंत्रमानव, हजर होतात, ताफ्याला उडी मारून पळावं लागतं. अशा २३७ उड्या झाल्यात आणि १३० तासांहून जास्त वेळ कुणी धड झोपलेलं नाही. मी पॉज करून गुणाकार केला: २३७ गुणिले ३३ म्हणजे ७,८२१ मिनिटं. भागिले ६०, म्हणजे १३० तास २१ मिनिटं. रात्री साडेबाराला मी एकटाच ‘वा!’ म्हणालो. आतून बायकोने विचारलं, “आता कोण मेलं?”

दुसरी नोंद जहाजांच्या नावांची. नाव, बांधणी, शेवटचं कुठे आणि कशा अवस्थेत दिसलं. ‘स्टार ट्रेक’मधली वुल्फ ३५९ ची लढाई याला उत्तम, कारण ती त्याच्या दोन मालिकांत विभागलीय. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या १९९० च्या ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ या भागात ४० जहाजं बोर्ग या शत्रूला अडवायला जातात. आपण बघतो तो नंतरचा मलबा. त्यात मेलबर्न हे जहाज आहे, ज्याचं कप्तानपद एंटरप्राइज जहाजावरच्या रायकर या अधिकाऱ्याला देऊ केलं होतं. मलब्यातलं मेलबर्न नेब्युला वर्गाचं मॉडेल आहे. मग १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या पहिल्या भागात तीच लढाई प्रत्यक्ष दिसते, आणि तिथे मेलबर्न एक्सेल्सियर वर्गाचं! एकच पार्ट नंबर, दोन वेगळे पार्ट. कथा मात्र कुठेच अडत नाही, म्हणून वहीत याला भोक म्हणायचं नाही, कंटिन्यूइटीची चूक म्हणायचं.

इथे माझी फजितीही सांगतो. ‘डीप स्पेस नाइन’च्या १९९९ च्या शेवटच्या भागात फुटलेली जहाजं मोजायला बसलो आणि मोठ्या ऐटीत पुतण्याला आकडा पाठवला. त्याने उलट दोन फोटो पाठवले. तोच कोन, तीच आग, फक्त भाग वेगळा. आधीच्या लढायांमधले शॉट त्यांनी पुन्हा वापरले होते आणि मी तेच डबल एंट्री करून बसलो होतो. तेव्हापासून शॉट ओळखीचा वाटला की आधी जुना भाग काढून बघतो.

शिल्डच्या, म्हणजे जहाजाभोवतीच्या ढालीच्या, टक्क्यांनाही एक रकाना द्या. चाळीसवर आले आणि दुरुस्तीशिवाय पुढच्या मिनिटाला साठ झाले, तर खूण करा. दुसऱ्या वेळी आवाज बंद करून बघा, कारण संवाद ऐकताना डोळे आळशी होतात. अंतराळात स्फोटाचा आवाज कसा, हे मात्र लिहू नका. तो रिवाज आहे, नाटकात पात्र स्वगत बोलतं तसा.

आवाज बंद केल्यामुळेच मला ‘डार्मोक’मधली गंमत दिसली. १९९१ चा भाग, ‘नेक्स्ट जनरेशन’चा. एंटरप्राइज फेजर, म्हणजे किरणांचं हत्यार, मारते. तो किरण वरच्या तबकडीवरच्या पट्टीतून निघायला हवा, पण निघतो खालच्या टॉर्पेडोच्या नळीतून. तीनदा मागे नेऊन बघितलं. माझ्या वहीत त्यापुढे शेरा आहे: माल चुकीच्या रॅकमधून दिला, नग बरोबर.