गावात मॅटलॅब टाकताना आलेला एरर -9 असा गेला
आमच्याकडे लाईन कधी जाईल नेम नाही अन् मोबाईलच्या नेटवर एवढं मोठं मॅटलॅब (गणित-इंजिनिअरिंगचं सॉफ्टवेअर) एका दमात उतरत नाही, म्हणून इन्स्टॉलरच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधी नुसत्या फाइल्स डाउनलोड केल्या. लॉगिन युनिव्हर्सिटीच्याच ईमेलनं करा भाऊ, अन् टूलबॉक्स, म्हणजे त्याचे जास्तीचे भाग, लागतील तेवढेच निवडा.

इन्स्टॉल झालं, पण उघडताना लायसन्स मॅनेजर एरर -9, युजरनेम जुळत नाही म्हणे. लॅपटॉप मोठ्या भावाचा, विंडोजवर युजर त्याच्या नावाचा अन् लायसन्समध्ये माझं नाव. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची कमांड टाईप करायची काळी खिडकी) 'echo %username%' टाईप केलं की खरं युजरनेम दिसते, तेच जसंच्या तसं, कॅपिटल-स्मॉलसकट घ्यायचं. मग स्टार्ट मेनूतून 'ॲक्टिव्हेट मॅटलॅब' परत चालवून ते नाव टाकलं अन् लगेच उघडलं, लय बरं वाटलं राजेहो!