तीन सेंटर बॅक खेळवताय? विंगबॅकच्या या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात जळगावात फुटबॉलच्या एका सराव सामन्यात हाफ टाइमला आम्ही ०-३ ने मागे होतो. आमचं फॉर्मेशन ३-५-२: मागे तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, मध्ये पाच, पुढे दोन. त्या पाचांतले दोन्ही कडेचे ते विंगबॅक. तिन्ही सेंटर बॅकची पार दाणादाण उडाली होती, म्हणून मी त्यातले दोन बदलले. पुढच्या हाफमध्ये आणखी दोन गोल बसले. मॅच संपल्यावर आमचा डावा विंगबॅक, पारोळ्याकडून इथे शिकायला आलेला पोरगा, बूट काढता काढता म्हणाला, "सर, मी पुढे जाऊ का मांगे ऱ्हाऊ, एक काय ते सांगा ना." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा माझा कारभार चालला होता.

साधा हिशेब बघा. मोठ्या मैदानाची रुंदी ६८ मीटर. तिघं सेंटर बॅक एकमेकांपासून १२-१२ मीटरवर उभे राहिले तर २४ मीटर झाकले जातात. उरले ४४, म्हणजे दोन्ही बाजूंना २२-२२ मीटर मोकळं रान. त्या रानाची राखण विंगबॅककडे, आणि हल्ल्यात तिथूनच पुढे चढायचं तेही त्यालाच. त्यामुळे गोल बसतो सेंटर बॅकच्या डोळ्यांसमोर, पण गडबड बहुतेक वेळा त्याच्या आधी पाच सेकंद कडेला झालेली असते.

उरलासुरला खेळाडू कडेला टाकणे

आपल्याकडे अकरा जणांची यादी करताना विंगबॅकची जागा शेवटी भरतात. जो कुठेच बसत नाही तो तिथे. फुलबॅक आहे ना, मग खेळेल की! पण चार जणांच्या बचावात फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, पुढे बहुधा एक विंगर, कडेने हल्ला करणारा, असतो. इथे त्या पट्ट्यात तो एकटाच. प्रशिक्षक अंतोनियो कॉन्तेच्या चेल्सीचं, इंग्लंडमधल्या क्लबचं, उदाहरण घ्या. २४ सप्टेंबर २०१६ ला आर्सेनलकडून ०-३ ने मार खाल्ल्यावर त्याने कायम तीन सेंटर बॅक खेळवायला सुरुवात केली आणि उजवीकडे व्हिक्टर मोझेसला उभं केलं. मोझेस मूळचा विंगर, चेल्सीने त्याला तीन वेगवेगळ्या क्लबांना उसना देऊन झालेला. डावीकडे मार्कोस अलोन्सो. त्यानंतर संघाने लीगचे सलग १३ सामने जिंकले आणि मोसमाअखेर ९३ गुणांसह विजेतेपदही घेतलं. माझ्या मते विंगरला बचाव शिकवणं सोपं, बचावपटूला एकास एक ड्रिबल करायला शिकवणं अवघड. पोरांचा संघ असेल तर पहिल्याच वाटेने जा.

दोघंही मागे येऊन बसणे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती कळत नाही कारण सुरुवातीला ती सुरक्षित वाटते. पाच जण एका रेषेत, गोलसमोर भिंत. पण मग समोरच्या संघाचे दोन्ही फुलबॅक निवांत चेंडू घेतात, मान वर करून बघतात आणि हवा तिथे पास देतात. आपण चेंडू उडवला तरी पुढे घ्यायला माणूस नसतो, तो परत येतो.

११ जुलै २०२१ ची वेम्बलीची युरो फायनल आठवा. इंग्लंड तीन सेंटर बॅक घेऊन उतरला. दुसऱ्याच मिनिटाला उजवा विंगबॅक ट्रिपिअरने क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर पास, दिला आणि डावा विंगबॅक ल्यूक शॉने सेकंड पोस्टला, गोलच्या लांबच्या खांबाशी, येऊन गोल मारला. एका विंगबॅककडून दुसऱ्याला, वहीत काढून ठेवावा असा गोल. पण पुढे हेच दोघं हळूहळू मागे सरकत गेले, चेंडू इटलीकडे राहू लागला. ६७व्या मिनिटाला बोनुचीने कॉर्नरवर बरोबरी साधली आणि पेनल्टीत इटली ३-२ ने जिंकली. बरोबरी झाल्यावर इंग्लंडचा प्रशिक्षक साउथगेटने ट्रिपिअरला काढून विंगर साकाला आणलं, पण तोवर सामन्याची लगाम गेली होती.

आपला संघ पाचांच्या रांगेत अडकलाय का, हे ओळखायला एकच खूण पुरते. समोरचा फुलबॅक चेंडू कुठे घेतो ते बघा. तो मध्यरेषा ओलांडून, कुणी अंगावर न येता चेंडू घेत असेल तर अडकलाय.

उपाय: चेंडू समोरच्या उजव्या फुलबॅककडे निघाला की, पोहोचल्यावर नव्हे, निघतानाच, आपला डावा विंगबॅक पुढे झेपावतो. त्याच्यामागे डावा सेंटर बॅक बाहेर सरकतो, बाकीचे दोघं त्याच दिशेने, आणि उजवा विंगबॅक आत येऊन चौथा होतो. चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की सगळं उलटं. म्हणजे पाचही जण कधीच एका रेषेत नसतात.

फळ्यावर हे दोन मिनिटांत समजतं, मैदानावर दोन महिने लागतात. आमच्याकडे केळीच्या झाडांना आधार द्यायला प्लॅस्टिकची पट्टी वापरतात. तिचे १२-१२ मीटरचे चार तुकडे कापून पाचही जणांच्या हातात दिले आणि मी चेंडू या कडेवरून त्या कडेला पळवत राहिलो. पट्टी ताणली की कुणीतरी उशिरा निघाला, मातीत लोळली की कुणीतरी शेजाऱ्याला चिकटला. पहिल्या दिवशी पारोळ्याच्या पोराने अशी झेप घेतली की शेजारच्या सेंटर बॅकच्या हातातून पट्टी सुटली. तो बिचारा जागचा हललाच नव्हता! आमचे पाच गोल कुठून आले ते मला तिथे दिसलं. पोरगा पुढे जात होता ते बरोबरच होतं. त्याच्यामागे कुणी सरकायचं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोघांना एकदम सोडणे

याच्या उलटी चूक. दोन्ही विंगबॅक वर, मिडफिल्डरही वर, आणि चेंडू हिसकावला गेला की मागे तीन जण अन् सगळं मैदान. मग विंगबॅकवर ओरडतात, "मागे पळ, मागे पळ!" पन्नास मीटर मागे पळून तो पोहोचणार कधी? दोघांना सोडायचंच असेल तर दोन मिडफिल्डर सेंटर बॅकसमोर थांबलेच पाहिजेत. नाहीतर एकाला सोडा, एकाला धरा.

प्रशिक्षक झाबी अलोन्सोच्या लेव्हरकुसेनने २०२३-२४ मध्ये बुंडेसलिगा, जर्मनीची लीग, न हरता जिंकली, २८ विजय आणि ६ बरोबरी. तिथले विंगबॅक सारख्या छापाचे नव्हते. उजवा फ्रिम्पाँग कडेने सुसाट वर जायचा, जवळपास पुढचा खेळाडूच. डावा ग्रिमाल्डो बरेचदा आत सरकून मिडफिल्डरसारखा खेळायचा, लीगमध्ये १० गोल करून बसला. डावीकडचा आणि उजवीकडचा एकाच साच्यातला हवा, हा हट्ट सोडा.

एकाच पट्ट्यात दोघं

३-४-३ मध्ये, म्हणजे मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन असताना, पुढचा विंगर आणि विंगबॅक दोघंही चुन्याच्या रेषेला चिकटतात. समोरचा एकच गडी दोघांना सांभाळतो. एक बाहेर असेल तर दुसऱ्याने आत जावं, बस.

लांबच्या कडेला उभं राहून बघणे

क्रॉस उजवीकडून येतोय आणि डावा विंगबॅक कमरेवर हात ठेवून तिकडे बघतोय, हे चित्र दर मॅचला दिसतं. प्रशिक्षक गास्पेरिनीच्या अटलांटा क्लबात रॉबिन गोझेन्सने २०२०-२१ च्या सेरी आ मध्ये, इटलीच्या लीगमध्ये, ११ गोल केले, तेही डावा विंगबॅक म्हणून. पलीकडून क्रॉस आला की तो सेकंड पोस्टला हजर. समोरच्या बचावाची नजर चेंडूवर असते, पाठीमागून येणारा त्यांना दिसत नाही.

उन्हात नव्वद मिनिटं ताणणे

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो, आणि विंगबॅकला सारखं वर-खाली पळावं लागतं. साठाव्या मिनिटाला तो चालायला लागला की वरचं सगळं गणित कोसळतं. माझ्या पाच बदल्यांपैकी दोन आधीपासून त्यांच्यासाठी राखलेल्या असतात. रेफरीने कूलिंग ब्रेक, उन्हामुळे थंड व्हायला दिलेला थांबा, दिला तर जास्तीत जास्त तीन मिनिटं मिळतात. पूर्वी त्यात मी सगळ्या संघाला भाषण द्यायचो. आता दोन्ही विंगबॅकना पाणी घेऊन बाजूला बोलावतो आणि त्या पोराला न चुकता विचारतो, "तू पुढे गेल्यावर मांगे कोण आहे?"