मेथोट्रेक्सेटची गोळी घरात आली की

इंदूरच्या रामबागेत माझं औषधाचं दुकान आहे. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाची चिठ्ठी आली की मी माणसाला थांबवून घेते. गोळ्या न्यायला बहुतेकदा मुलगा किंवा सून येते, खाणार असते आई. म्हणून पाकिटावर जाड मार्करनं लिहिते: ‘फक्त गुरुवारी’. वार कुठलाही चालेल, पण एकच. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जिवावरही बेततं. सोबतचं फॉलिक ॲसिड (हे एक जीवनसत्त्व) डॉक्टर सांगतील त्या दिवशी. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान नि पिवळ्या दिसतात, म्हणून एका डबीत ठेवू नका.

“ताई, महिना होत आला, आईंची बोटं तशीच आखडतात. बंद करू का?” असं सुना विचारतात. नाही. या आजारात शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटतात. टी पेशी चिथावणी देतात, बी पेशी प्रतिपिंडं बनवतात (रिपोर्टातलं अँटी-सीसीपी त्यातलंच), मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ आणि आयएल-६ ही सूज वाढवणारी रसायनं सोडतात. अस्तर सुजून जाड होतं आणि हाड कुरतडणाऱ्या पेशी जाग्या होतात. वेदनाशामक गोळीनं दुखणं दबतं, ही कुरतड थांबत नाही. ती रोखायला मेथोट्रेक्सेट लागतं, आणि त्याचा गुण यायला 6 ते 12 आठवडे जातात. तोवर डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात. तेही मनानं एकदम तोडायचं नाही.

सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागला, ते कॅलेंडरवर लिहा. अर्धा तास, तास, जे असेल ते. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळतं. रक्ताच्या पेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिनची (म्हणजे किडनीची) तपासणी सांगितलेल्या तारखेला कराच. दारू टाळा. घरात कुणी मूल होण्याचा विचार करत असेल आणि गोळी तिची असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. गर्भाला ती घातक आहे.

ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि लघवीच्या जळजळीसाठी दुसऱ्या कुणी कोट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर ते घेण्याआधी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगा. ही दोन औषधं एकत्र फार घातक ठरतात.